व्याख्या शोधणाऱ्या मुलांसाठी : कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे चरित्र



गेल्या सत्रात इयत्ता नववीला जीवशास्त्राचा गृहपाठ दिला होता. दहा शब्द आणि त्यांच्या व्याख्या. पेशी, ऊती, केंद्रक, परासरण, प्रकाशसंश्लेषण असे नेहमीचेच शब्द होते. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना विज्ञानाच्या बाईंना एक वही वेगळी दिसली. पेशी या शब्दापुढे मुलाने लिहिले होते की, आकुंचन व प्रसरण पावून शरीराची हालचाल घडवून आणणारी ऊती म्हणजे पेशी. बाईंनी लाल शाईने काट मारली. मुलगा वही घेऊन आमच्या कार्यालयात आला. त्याचे म्हणणे एवढेच होते की फोनवर पाहून लिहिले आहे, मग चूक कसे? आम्ही फोनवरचे ते पान पाहिले. पान हिंदीचे होते, आणि हिंदीच्या हिशेबाने उत्तर अगदी बरोबर होते.

आम्हाला हसू आले, पण ते स्वतःवरच. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी शाळेत नव्याने शिकवू लागलो तेव्हा आम्हीही फळ्यावर हाताच्या स्नायूचे चित्र काढून खाली पेशी असे लिहिले होते. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. मराठीत पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. आणि हिंदीच्या विज्ञान पुस्तकात स्नायु म्हणतात ते हाडाला हाड बांधणाऱ्या बंधाला. तेव्हा वर्गातल्याच एका मुलीने उभे राहून आमची चूक दाखवली. त्या दिवशी समजले की शब्द ओळखीचा वाटला म्हणून त्याचा अर्थ कळला असे होत नाही. अर्थ व्याख्येत असतो, आणि व्याख्या कोणीतरी बसून, विचार करून ठरवलेली असते.

आपल्या सुलतान बाजारात तर ही गोष्ट पावलोपावली दिसते. ज्याला आपण पेशी म्हणतो त्याला शेजारच्या दुकानातला तेलुगू मुलगा कणम् म्हणेल. हिंदी शाळेतला मित्र कोशिका म्हणेल. उर्दू शाळेतला ख़लिया म्हणेल. आणि जुन्या वळणाचे एखादे आजोबा पेशी म्हटल्याबरोबर कोर्टाची तारीख कधी आहे म्हणून विचारतील! रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला लहान लहान खोल्यांसारखे कप्पे दिसले म्हणून त्याने त्यांना खोलीचेच नाव दिले, सेल. हिंदीने त्यावरून छोटा कोश म्हणून कोशिका केले. उर्दूने अरबीतला मधमाश्यांच्या पोळ्याचा शब्द घेतला. तेलुगूने कण घेतला. मराठीने आयुर्वेदातला पेशी हा जुना शब्द घेतला आणि त्याला नवा अर्थ दिला. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत त्या स्नायूंच्या अर्थाने. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याला सुश्रुताने पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मुलांनो, हे शब्द आपोआप तयार झाले नाहीत. एक काळ असा होता की जीवशास्त्राचा गृहपाठ मातृभाषेत करायचा म्हटले तर शब्दही नव्हते आणि पुस्तकही नव्हते. तो काळ बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांच्यापैकी एकाची ओळख आज करून देत आहोत. त्यांच्या कामाची एक खूण आपल्या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ते तेलुगू होते, पण त्यांचे शिक्षण आपल्या मराठी मुलखात झाले होते. त्यांचे नाव कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव.

लक्ष्मणरावांचा जन्म १८ मे १८७७ रोजी कृष्णा जिल्ह्यातील पेनुगंचिप्रोलु या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. त्यांची थोरली बहीण अच्चमांबा हिचा विवाह भंडारू माधवराव यांच्याशी झाला होता. माधवराव त्या वेळच्या मध्य प्रांतात इंजिनियर होते. बहिणीने धाकट्या भावाला आपल्याजवळ नेले आणि लक्ष्मणराव नागपूरच्या बाजूला शिकू लागले. घरात तेलुगू, शाळेत आणि रस्त्यावर मराठी. आज आपल्या मुलांचे जे आहे त्याच्या अगदी उलट. आपली मुले घरी मराठी आणि बाहेर तेलुगू बोलतात.

या भावाबहिणीची एक गोष्ट आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. अच्चमांबा कधी शाळेत गेल्या नाहीत. लहान वयात लग्न झाले, आणि त्या काळी मुलींना शिकवण्याची पद्धतही नव्हती. भाऊ संध्याकाळी घरी अभ्यासाला बसे, तेव्हा त्या त्याच्याजवळ बसत. भाऊ जे वाचे ते त्या वाचत, भाऊ जे लिही ते त्या लिहीत. भावाचा गृहपाठ हीच बहिणीची शाळा झाली. अशा रीतीने त्या तेलुगू, हिंदी, मराठी शिकल्या, संस्कृतही थोडे शिकल्या, आणि पुढे तेलुगूतल्या पहिल्या कथालेखिकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. थोर स्त्रियांच्या चरित्रांचा अबला सच्चरित्र रत्नमाला हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांची स्वतःची मुले लहानपणीच गेली. त्यांनी अनाथ मुलांना घरी ठेवून शिकवले. १९०५ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना मृत्यू आला. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. ज्या भावाला वाढवले आणि ज्याच्या शेजारी बसून त्या शिकल्या, त्या भावाला हे दुःख किती मोठे असेल याची कल्पना करता येते.

लक्ष्मणराव नागपुरात पदवीधर झाले आणि पुढे एम.ए. झाले. मराठीवर त्यांचे इतके प्रभुत्व होते की त्यांनी मराठी नियतकालिकांत लेख लिहिले आणि मोरोपंतांच्या महाभारताला टीपा देऊन ते प्रसिद्ध करण्याचे काम केले. परभाषेतल्या माणसाने मोरोपंतांच्या आर्यांना टीपा द्यायच्या, हे काम सोपे नाही. आपल्यापैकी किती जणांनी मोरोपंत टीपांशिवाय वाचले आहेत, हे आपणच मनाशी ठरवावे. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले, ते तेलुगूत. मराठी मुलखात जे मिळाले ते त्यांनी आपल्या लोकांपर्यंत नेले.

मराठीत त्यांनी काय पाहिले असेल? मराठीत तेव्हा विविधज्ञानविस्तारासारखे मासिक अनेक वर्षे निघत होते. इतिहास, विज्ञान, भाषा अशा विषयांवर मराठीत लेख येत होते, वाद होत होते. बंगालीत नगेंद्रनाथ बसू यांच्या विश्वकोशाचे खंड निघत होते. तेलुगूत काव्य, पुराण, नाटक भरपूर होते, पण पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, इतिहास यांची सामान्य माणसाला वाचता येतील अशी पुस्तके फारच थोडी होती. दुसऱ्याच्या घरी भरलेली कोठी पाहिली की आपल्या घरची रिकामी कोठी डोळ्यांपुढे येते. लक्ष्मणरावांचे असेच झाले असावे, असे आम्हाला वाटते.

शिक्षणानंतर ते मुनगालाचे जमीनदार राजा नायनी वेंकट रंगाराव यांचे दिवाण झाले. मुनगालाची जागा मोठी गमतीची होती. गाव इंग्रजांच्या कृष्णा जिल्ह्याचे, पण चारही बाजूंनी निजामाचे राज्य. त्यामुळे हैदराबादशी संबंध आलाच. निजामाच्या राज्यात तेव्हा दरबाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी प्रजा मोठी, पण त्या भाषांत शिकण्याची सोय अपुरी. आपल्या मराठी पूर्वजांनाही हीच अडचण होती, हे आजच्या मुलांनी लक्षात ठेवावे.

१ सप्टेंबर १९०१ रोजी हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले. लक्ष्मणराव, मुनगालाचे राजे आणि हैदराबादचे रावीचेट्टू रंगाराव ही त्यामागची प्रमुख मंडळी. आरंभ रंगारावांच्या घरीच झाला. पुढे ग्रंथालयाला सुलतान बाजारात स्वतःची इमारत मिळाली. त्या काळी सुलतान बाजार हा रेसिडेन्सी बाजारांचा भाग होता आणि इथला कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती होता. १९३३ साली तो निजामाकडे परत गेला. या भागात सभा, संस्था, ग्रंथालये चालवणे शहराच्या इतर भागांपेक्षा सोपे जाई. तेलुगूंच्या तशा मराठी माणसांच्या संस्थाही म्हणूनच याच परिसरात वाढल्या. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा सुरू झाली, तीही याच पिढीच्या तळमळीतून.

आजही सुलतान बाजारात कपड्यांच्या दुकानांची, फेरीवाल्यांची, मेट्रो स्थानकाची गर्दी ओलांडून गेलो की हे ग्रंथालय उभे आहे. पालक साड्या घ्यायला येतात, मुले वह्या-पुस्तकांसाठी येतात, आणि शेकडो वेळा त्या भागातून जाऊनही ही पाटी कोणी वाचत नाही. आम्हीही हैदराबादेत आल्यावर कितीतरी वर्षे वाचली नव्हती.

ग्रंथालय तर झाले, पण त्यात ठेवायला विज्ञानाची तेलुगू पुस्तके कुठून आणायची? पुस्तके नसतील तर ती लिहवून घ्यावी लागतील, असे ठरले. १९०६ साली लक्ष्मणरावांनी गाडिचर्ला हरिसर्वोत्तमराव, रावीचेट्टू रंगाराव वगैरे मित्रांसह हैदराबादेत विज्ञान चंद्रिका मंडळी सुरू केली. हरिसर्वोत्तमरावांनी लिहिलेले अब्राहम लिंकन यांचे चरित्र हे मंडळीचे पहिले पुस्तक. हेच हरिसर्वोत्तमराव पुढे १९०८ साली वृत्तपत्रातील लिखाणाबद्दल तुरुंगात गेले. मंडळीने इतिहासाची पुस्तके काढली. भारताच्या इतिहासावर लक्ष्मणरावांनी स्वतः लिहिले. कादंबऱ्यांच्या स्पर्धा घेतल्या, म्हणजे वाचकांना पुस्तक हातात घेण्याची सवय लागावी. आणि त्याबरोबर पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, शेती, आरोग्य या विषयांवर पुस्तके काढली. आचंट लक्ष्मीपती यांच्यासारखे डॉक्टर मंडळीला लेखक म्हणून मिळाले. कॉलरा आणि हिवताप यांवरही पुस्तके निघाली. ज्या घरातली बहीण प्लेगच्या साथीत गेली, त्या घरातल्या भावाला रोगाची माहिती लोकांच्या भाषेत असणे किती गरजेचे आहे हे दुसऱ्या कोणी सांगायला नको होते.

मुलांनो, आता जरा त्या लेखकांच्या जागी बसून पाहा. तुम्हाला तेलुगूत जीवशास्त्राचे पुस्तक लिहायचे आहे. समोर इंग्रजी पुस्तक आहे. पहिल्याच पानावर सेल हा शब्द येतो. त्याला काय म्हणायचे? इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर खेड्यातल्या वाचकाला तो अपरिचित. बोलीतला शब्द घेतला तर त्याला आधीच दहा अर्थ चिकटलेले. संस्कृतातून नवा बनवला तर तो पहिल्यांदा जड वाटणार. आणि एकदा शब्द ठरला की तो प्रत्येक पानावर त्याच अर्थाने वापरला पाहिजे, नाहीतर वाचक गोंधळणार. त्यातून पुढे ऊती, केंद्रक, बीजांड असे शेकडो शब्द. शब्द ठरल्यावर त्याची व्याख्या करायची, म्हणजे ती वस्तू कोणत्या गटातली आणि त्या गटातल्या इतरांपासून वेगळी कशाने, हे एका वाक्यात बसवायचे. एक शब्द कमी पडला तर अर्थ सांडतो, एक जास्त झाला तर अर्थ अडखळतो. आपण जी व्याख्या अर्ध्या मिनिटात उतरवून घेतो तिच्यामागे असे दिवसचे दिवस गेलेले असतात.

मंडळीचे काम वाढले आणि काही वर्षांतच तिचे ठाणे मद्रासला गेले. लक्ष्मणरावांनी मग त्याहून मोठे काम अंगावर घेतले. जगातले सर्व विषय वर्णमालेच्या क्रमाने तेलुगूत आणायचे. त्या ग्रंथाचे नाव आंध्र विज्ञान सर्वस्वम्, म्हणजे आपल्या भाषेत ज्ञानकोश. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची ती वर्षे. लक्ष्मणराव संपादक, आणि कित्येक नोंदींचे लेखकही तेच. अथर्ववेद, अद्वैत, अभिज्ञान शाकुंतल यांच्या नोंदी त्यांच्याच हातच्या. तीन खंड निघाले. पण ज्ञान एवढे अफाट की तीन खंड झाले तरी वर्णमालेची सुरुवातच चालू होती. आद्याक्षरांच्या पलीकडे जाणे त्यांच्या हयातीत झाले नाही.

मद्रासमधले त्यांचे घर वेदविलास या नावाने ओळखले जाई. आंध्रातले थोर समाजसुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी १९१९ साली याच घरी देह ठेवला. आणि चार वर्षांनी, १२ जुलै १९२३ रोजी, लक्ष्मणरावही याच घरी वारले. वय ४६ वर्षे. मेजावर ज्ञानकोशाचे काम अपुरे राहिले.

हे काम पुढे काशीनाथुनि नागेश्वरराव यांनी हाती घेतले आणि सुधारून काही खंड पुन्हा प्रसिद्ध केले. हे नाव आपल्या घरोघरी एका वेगळ्या कारणाने पोचले आहे. अमृतांजन बाम त्यांचाच. तो त्यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केला, आणि आंध्र पत्रिका हे तेलुगू वृत्तपत्रसुद्धा १९०८ साली मुंबईतूनच काढले. म्हणजे तेलुगू ज्ञानकोश ज्याने आरंभला तो नागपुरात शिकला आणि ज्याने पुढे नेला त्याने मुंबईत नाव कमावले. मराठी आणि तेलुगू यांच्यात सरहद्द आहे ती नकाशावर.

आपल्या मराठीत हेच काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची सुरुवात नागपुरात झाली आणि तो पुण्यात पुरा झाला. १९२० च्या दशकात त्याचे तेवीस खंड हाती आले. लक्ष्मणरावांना जे साधले नाही ते केतकरांना साधले, पण वाट दोघांची एकच. इकडे हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली भाषांतराचे खाते, दारुल तर्जुमा, उघडले. तिथे विद्वानांनी विज्ञानाचे शब्द उर्दूत बनवले आणि पाठ्यपुस्तके भाषांतरित केली. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि ती पुस्तके कपाटात गेली. पुढे तेलुगूसाठी १९६८ साली तेलुगू अकादमी झाली. मराठीसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने जीवशास्त्राचा परिभाषा कोश काढला, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. आज परिभाषा कोश आणि विश्वकोश दोन्ही फोनवर पाहता येतात. लक्ष्मणरावांना हे ऐकून किती आनंद झाला असता!

आता त्या विद्यार्थ्याच्या वहीकडे परत येऊ. आम्ही बाईंशी बोललो. ती काट तशीच राहिली, कारण मराठीत ते उत्तर चूकच होते. पण त्याला शेजारी एक तक्ता करायला सांगितला. एका रकान्यात मराठी शब्द, पुढे हिंदी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत अर्थ. उर्दूचा रकाना भरायला तो वडिलांच्या दुकानाशेजारच्या चाचांकडे गेला, तेलुगूचा भरायला वर्गमैत्रिणीकडे. आठवड्याने वही आणून दाखवली. प्रकाशसंश्लेषणाला तेलुगूत किरणजन्य संयोग क्रिया म्हणतात, हे सांगताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. किरणांमुळे होणारा संयोग, म्हणजे व्याख्या नावातच आली, असे तो म्हणाला. आम्हाला जे वर्षानुवर्षे सुचले नव्हते ते त्याला एका तक्त्याने सुचले.

पालकांना आमची विनंती आहे. मुलगा व्याख्या उतरवत असेल तेव्हा एकदा त्याच्याजवळ बसा. पान कोणत्या भाषेचे आहे ते पाहा. मग वही मिटायला सांगा आणि तीच गोष्ट घरच्या मराठीत आजीला समजावून सांगायला लावा. आजीला समजली तर व्याख्या आली. नाही समजली तर पुन्हा पुस्तक उघडा. आणि घरात धाकटी बहीण किंवा भाऊ असेल तर त्यांनाही शेजारी बसू द्या. अच्चमांबा तशाच शिकल्या.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या १ सप्टेंबरला, ग्रंथालयाच्या स्थापनेच्या दिवशी, आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही भाषा निलयम् पाहायला जाणार आहोत. प्रत्येकाने जीवशास्त्राचे पाच शब्द वहीत लिहून आणावेत, तेलुगू रकाना रिकामा ठेवून. तो तिथे बसून भरायचा आहे. तेलुगू वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना शेजारी घ्यावे.

आपली,
मुख्याध्यापिका